४१ मायक्रोअँपिअर आणि त्याखालची तळटीप

मोळी टाकून, म्हणजे गाळप हंगाम सुरू होऊन, तीन दिवस झाले होते, तेव्हा साखर कारखान्याच्या बॉयलर विभागातून फोन आला. वाफेचा दाब आणि तापमान नोंदवणारी आमची चौदा यंत्रे व्यवस्थित चालू होती, आकडेही बरोबर दाखवत होती, फक्त त्यांच्या पडद्यावर साल १९७० होते. लिनक्सवर काम करणाऱ्याला या सालाचा अर्थ सांगावा लागत नाही. घड्याळाला वेळ ठाऊक नसली की ते शून्य सेकंदापासून मोजायला लागते आणि तो शून्य सेकंद म्हणजे ग्रिनिचची १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, आपल्याकडची पहाटेची साडेपाच. फोनवर मी तारीख कशी बसवायची ते सांगितले आणि निश्चिंत झालो. त्याच रात्री, जुन्या फायली काढून टाकणारी मीच लिहिलेली स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे चालली. तिला १९७० सालच्या फायली अर्थातच फार जुन्या वाटल्या आणि हंगामाचे पहिले तीन दिवस तिने झाडून काढले.

स्क्रिप्टची चूक एका ओळीत दुरुस्त झाली. घड्याळ चालू ठेवणाऱ्या बटन सेलचे काय झाले, हे समजून घ्यायला मात्र मला दोन आठवडे लागले, आणि ही नोंद त्याविषयी आहे.

प्रत्येक बोर्डावर सीआर२०३२ हा सेल होता. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पॅनेलचा वीजपुरवठा बंद करतात आणि मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, म्हणजे साधारण २१४ दिवस, आत काहीही चालू नसते. तेवढा काळ घड्याळ जिवंत ठेवणे, एवढेच त्या सेलचे काम होते. पॅनेलमध्ये इंटरनेट नाही, त्यामुळे वेळ बाहेरून आणण्याची सोय नाही. आराखडा करताना मी हिशेब केला होता आणि तो वहीत अजून आहे: सेलची क्षमता २२५ मिलिअँपिअर-तास, प्रोसेसरच्या घड्याळाच्या रेलवरचा (वीज पुरवणाऱ्या वाटेवरचा) प्रवाह ४१ मायक्रोअँपिअर, भागाकार ५४८८ तास, म्हणजे २२८ दिवस. दोन आठवडे शिल्लक राहतात. त्याखाली मी ‘पुरेल’ असे लिहून रेघ मारली होती.

प्रोसेसर आय.एमएक्स ६ क्वाड, मूळचा फ्रीस्केलचा आणि २०१५ च्या अखेरीस झालेल्या विलीनीकरणानंतर एनएक्सपीचा. त्याच्या अनेक पुरवठा रेल आहेत, पण त्यांतली एक बाकी सगळ्या बंद असतानाही चालू ठेवायची असते, आणि तिचे नाव एसएनव्हीएस. या नावाचा अर्थ सुरक्षित, न पुसली जाणारी साठवण असा आहे, आणि त्यातच माझ्या गैरसमजाचे मूळ होते. कारण मी या रेलकडे ‘घड्याळाचा सेल जोडायची पिन’ म्हणून पाहत होतो, तर प्रत्यक्षात ती घड्याळाबरोबरच गुप्त किल्ली जपणारी, कोणी छेडछाड केली का यावर नजर ठेवणारी, चालू-बंद बटणाकडे लक्ष देणारी आणि बूट कुठून करायचे, म्हणजे सुरुवातीचा प्रोग्राम कुठून उचलायचा, हे सांगणाऱ्या पिनांना वीज पुरवणारी अशी एक छोटी स्वतंत्र वसाहत आहे. त्या वसाहतीला स्वतःचा व्होल्टेज रेग्युलेटर आहे, स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारे सर्किट, आहे, आणि ती ज्या सिलिकॉनवर बसली आहे ते चार कोअर वेगाने पळवण्यासाठी बनवलेले ४० नॅनोमीटरचे सिलिकॉन आहे. अशा सिलिकॉनमधून काही न करताही प्रवाह झिरपतो, आणि तापमान वाढले की जास्त झिरपतो.

आपल्या सगळ्यांचा अंदाज बहुधा घरातल्या संगणकावरून बांधलेला असतो. मदरबोर्डवर हाच सीआर२०३२ असतो आणि तो चार-पाच वर्षे सहज टिकतो, कारण इंटेलच्या चिपसेटचा घड्याळाचा कप्पा पूर्ण बंद अवस्थेत साधारण ६ मायक्रोअँपिअर घेतो. एसटीएम३२एफ१०३ सारख्या साध्या मायक्रोकंट्रोलरची व्हीबॅट ही बॅटरीची पिन क्रिस्टल आणि घड्याळ चालू ठेवून सुमारे १.४ मायक्रोअँपिअरवर भागवते. या दोघांच्या शेजारी ४१ हा आकडा ठेवला असता तर मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवे होते. मी तो भागाकारात घातला आणि पुढे गेलो.

मोजमापाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात माझा पहिला दिवस वाया गेला. मी सेलच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर घातला, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला प्रत्येक मिलिव्होल्ट हा एक मायक्रोअँपिअर होईल आणि मनातल्या मनात गुणाकार करावा लागणार नाही. सेल लावला आणि रेल वरच येईना. प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिले आहे की रेल पहिल्यांदा चालू होताना ती १ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते, आणि तेवढा मिळाला नाही तर आतल्या रेग्युलेटरचा कपॅसिटर भरायला जास्त वेळ लागतो. एक किलोओहमवर एक मिलिअँपिअर म्हणजे पुरा एक व्होल्ट गेला, आणि तीन व्होल्टच्या सेलमधून एक व्होल्ट वजा झाल्यावर मागे काय राहणार! मग रेझिस्टरला समांतर एक छोटा स्विच लावला, सेल बसवताना तो जोडलेला ठेवून रेझिस्टर शॉर्ट केला, मिनिटभराने उघडला, आणि त्यानंतरचे आकडे विश्वासार्ह आले. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवरही हे काम होते, कारण त्याचा आतला रेझिस्टर बहुधा शंभर ओहमच्या आसपास असतो. पण मीटरची रेंज बदलताना मधेच सर्किट तुटते आणि घड्याळाची वेळ जाते, म्हणून मला बाहेरचा रेझिस्टर आणि मिलिव्होल्टची रेंज ही जोडी जास्त आवडते.

पहिल्या बोर्डावर ६८ मिलिव्होल्ट दिसले. दुसऱ्यावर ६९. पाचव्या बोर्डावर ९४. एकावरही ४१ दिसले नाहीत.

पुन्हा डेटाशीट उघडली. ४१ मायक्रोअँपिअर आणि ११५ मायक्रोवॉट हे आकडे कमी विजेच्या अवस्थांच्या कोष्टकात ‘फक्त एसएनव्हीएस’ या शेवटच्या ओळीत आहेत, आणि ते २५ अंश तापमानाचे, नेहमीच्या नमुन्याचे आकडे आहेत. त्याच डेटाशीटमध्ये थोडी पाने आधी कमाल प्रवाहांचे दुसरे कोष्टक आहे, तिथे याच रेलसमोर २७५ मायक्रोअँपिअर असे लिहिले आहे, आणि त्याखालच्या तळटीपेत सांगितले आहे की बूट-मोडच्या दोन पिना ‘००’ सोडून दुसऱ्या कोणत्या अवस्थेत असतील किंवा छेडछाड ओळखणारी सोय वापरात असेल, तर हा प्रवाह याहूनही वाढू शकतो. ही तळटीप मी यापूर्वी वाचलीच नव्हती असे म्हणता येणार नाही. नजर तिच्यावरून गेली होती, पण ती माझ्या बोर्डाविषयी आहे हे लक्षात आले नव्हते.

आमच्या बोर्डावर बूट-मोड १ ही पिन दहा किलोओहमच्या रेझिस्टरने एसएनव्हीएस रेलला वर खेचलेली होती. विकास-बोर्डांच्या आराखड्यांत असे करतात, आणि ते बरोबरही आहे, कारण ‘१०’ या अवस्थेत प्रोसेसर आतल्या बूट रॉमच्या सूचनेनुसार ठरवलेल्या माध्यमातून सुरू होतो. पण या पिनेला चिपच्या आत शंभर किलोओहमचा खाली खेचणारा रेझिस्टर आहे. म्हणजे रेलपासून जमिनीपर्यंत एकशे दहा किलोओहमची एक कायमची वाट उघडी राहते, आणि तीन व्होल्टला त्यातून २७ मायक्रोअँपिअर वाहतात. चिपच्या आतला रेझिस्टर शंभरच असेल याची खात्री नाही. तो साठपासून एकशे चाळीसपर्यंत कुठेही असू शकतो, आणि साठ निघाला तर हाच आकडा ४३ होतो. घड्याळाला लागणाऱ्या विजेपेक्षाही जास्त वीज, एका पिनेला ‘एक’ असे सतत सांगत राहण्यासाठी! आणि तेही पॅनेल बंद असताना, जेव्हा ऐकायला कोणीच नाही. रेझिस्टरचे एक टोक सोल्डरिंग आयर्नने उचलले आणि मीटर ६८ वरून ४१ वर आला. त्या क्षणी झालेला आनंद सहकाऱ्यांना समजावता आला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मी एक चालू बोर्ड बंद पाडला होता.

९४ वाला बोर्ड वेगळा निघाला. त्याचे बूट-मोडचे २७ वजा केले तरी ६७ उरत होते, आणि मागच्या हंगामाच्या नोंदी काढून पाहिल्यावर लक्षात आले की वीज गेली-आली की याच यंत्राचे घड्याळ कित्येक मिनिटे पुढे पळालेले असायचे. ऑपरेटर ते मुकाट्याने मागे करत असे आणि त्याने आम्हाला कधी कळवले नव्हते. याचे कारण शोधताना या प्रोसेसरची एक गमतीदार सोय समजली. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळाला अचूक ठोके देणारा स्फटिक, चालला नाही तर आतला, कोणताही बाहेरचा भाग न लागणारा, सुमारे ४० किलोहर्ट्झचा रिंग ऑसिलेटर काम पुढे चालवतो. चालू होताना तर तोच आधी धावतो आणि क्रिस्टल स्थिर झाला की काम त्याच्याकडे आपोआप सोपवतो. क्रिस्टल नाहीच उठला तर कसलाही दोष न दाखवता रिंग ऑसिलेटर चालू राहतो. त्याच्या वेगात पन्नास टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो आणि तो क्रिस्टलच्या ऑसिलेटरपेक्षा सुमारे २५ मायक्रोअँपिअर जास्त घेतो. ४१, २७ आणि २५ मिळून ९३. उरलेल्या एकाकडे नंतर येतो.

क्रिस्टल का उठत नव्हता? हा ऑसिलेटर अतिशय कमी विजेवर चालतो, त्यामुळे तो तितकाच नाजूक असतो. त्याच्या दोन पिनांपासून पुरवठ्याकडे किंवा जमिनीकडे होणारी गळती शंभर मेगाओहमपेक्षा जास्त रोधाचीच असली पाहिजे, अशी अट आहे. त्याहून जास्त गळाले तर आतल्या ॲम्प्लिफायरचे संतुलन ढळते आणि सुरू होण्याची ताकद कमी होते. दहा मेगाओहमचा मल्टिमीटर या पिनेला लावला तर मोजणाराच गुन्हेगार ठरतो, त्यामुळे इथे मीटर लावून खात्री करण्याचा मोह आवरावा लागतो. मी भिंग घेऊन बसलो. क्रिस्टलच्या खाली सोल्डरिंगनंतर उरलेल्या पिवळसर फ्लक्सचा थर होता आणि त्यावर बॉयलर विभागातली बगॅसची बारीक भुकटी चिकटली होती. पावसाळ्यातल्या दमट हवेत अशा थराचे काय होते हे वेगळे सांगायला नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तो भाग धुतला, हॉट एअरने वाळवला, सेल पुन्हा बसवला, आणि काही सेकंदांत मीटर ९४ वरून ६९ वर उतरताना डोळ्यांनी दिसला. कोणता ऑसिलेटर चालू आहे हे प्रवाहावरून ओळखता येते, ही गोष्ट तेव्हापासून मला फार उपयोगी पडली आहे. आता तयार झालेल्या प्रत्येक बोर्डाची ही चाचणी आम्ही करतो, कारण क्रिस्टल उठला की नाही हे त्याला हात न लावता सांगणारी दुसरी सोपी खूण माझ्याजवळ नाही.

उरलेला एक मायक्रोअँपिअर डायोडचा होता. मुख्य ३.३ व्होल्ट आणि सेल या दोहोंपैकी जो वर असेल त्याने रेलला वीज द्यावी म्हणून आम्ही बीएटी५४सी हा दुहेरी शॉटकी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, वापरला होता. पॅनेल बंद असताना मुख्य पुरवठा शून्यावर येतो आणि त्या बाजूचा डायोड उलटा पडून सेलची वीज मेलेल्या रेलकडे थोडीथोडी गळू देतो. खोलीच्या तापमानाला ही गळती नगण्य. एप्रिल-मे महिन्यांतल्या बंद लोखंडी पॅनेलमध्ये ती कितीतरी पट होते, कारण शॉटकीची गळती दर दहा-एक अंशांना साधारण दुप्पट होत जाते. पण डायोडचे खरे नुकसान गळतीचे नव्हतेच. एसएनव्हीएस रेलला किमान २.८ व्होल्ट लागतात. इतक्या कमी प्रवाहालाही शॉटकीमध्ये दोन दशांश व्होल्टच्या आसपास पडतात. म्हणजे सेलचा व्होल्टेज ३.० च्या खाली गेला की रेल आपल्या हमीच्या बाहेर पडते, आणि सेलवर छापलेली क्षमता मात्र तो २.० व्होल्टपर्यंत उतरेल असे धरून मोजलेली असते. लिथियम-मँगनीज सेल आपल्या आयुष्याचा बराच मोठा भाग ३.० च्या किंचित खालीच काढतो. माझ्या वहीतले २२८ दिवस हे अशा सेलचे होते, जो शेवटच्या थेंबापर्यंत पिळता येतो. तसा तो पिळता येणारच नव्हता. डायोड काढून थेट सेल जोडणे हा उपाय नाही, कारण मग मुख्य पुरवठा चालू असताना पुन्हा न भरता येणारा सेल भरला जाऊ लागतो, आणि तो सेल फुगण्या-फुटण्याचा धोका आहे.

आता हिशेब नव्याने मांडला. ६८ मायक्रोअँपिअरला १३८ दिवस, म्हणजे मार्चअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ९४ ला शंभर दिवस, म्हणजे आषाढातच. यंत्रे नोव्हेंबरात उघडली तेव्हा त्यांची घड्याळे तीन-चार महिन्यांपूर्वीच थांबलेली होती.

सुधारणेचे दोन रस्ते होते. पहिला म्हणजे बूट-मोड ‘००’ ठेवून बूटची माहिती चिपमधल्या फ्यूजमध्ये कायमची जाळणे. प्रोसेसर तशी परवानगी देतो आणि २७ मायक्रोअँपिअर वाचतात. पण एकदा जाळलेला फ्यूज परत येत नाही, शिवाय एवढे करून आपण फक्त त्या मूळ ४१ वर पोहोचतो, ज्यांच्यात दोन आठवड्यांची सवडही खरी नव्हती. बूट-मोडची पिन वर खेचणारा तो रेझिस्टर (पुल-अप) बंद होणाऱ्या ३.३ व्होल्टला जोडावा असे एका सहकाऱ्याने सुचवले; ते मी नाकारले, कारण मुख्य पुरवठा आणि एसएनव्हीएस यांच्यात फरक पडला की पिनेवरचा व्होल्टेज रेलच्या वर जाऊ शकतो, आणि एक वाट बंद करताना दुसरी उघडायची मला हिंमत नव्हती. सेलऐवजी सुपरकपॅसिटर लावायचा विचारही एका चहाच्या वेळेत मिटला: एक फॅरडचा कपॅसिटर ३.३ वरून २.८ पर्यंत उतरेपर्यंत ४१ मायक्रोअँपिअर दिले तर साडेतीन तासही निघत नाहीत.

दुसरा रस्ता म्हणजे घड्याळाचे काम या रेलकडून काढून घेणे. आम्ही डीएस३२३१ ही घड्याळाची वेगळी चिप घेतली. सेलवर तिचा सरासरी प्रवाह ०.८४ मायक्रोअँपिअर आहे, आणि त्यात क्रिस्टलच्या दुरुस्तीसाठी ती अधूनमधून घेते त्या तापमान-मोजणीचाही वाटा धरलेला आहे. पीसीएफ८५२३ ही चिप तर सुमारे ०.१५ मायक्रोअँपिअरवर चालते, आणि नुसत्या सेलचा विचार असता तर मी तीच घेतली असती. पण लोखंडी पॅनेलमधल्या उन्हाळ्यात साधा क्रिस्टल वाहवत जातो, आणि डीएस३२३१ शून्य ते चाळीस अंशांत दशलक्षात दोन भागांच्या आत राहते, म्हणजे वर्षाला मिनिटभराचा फरक. शिवाय ऑसिलेटर मधेच थांबला होता का हे ती एका बिटमध्ये लक्षात ठेवते. आमचे सॉफ्टवेअर आता तो बिट वाचते आणि वेळेवर विश्वास नसेल तर खोट्या तारखेने नोंद करण्याऐवजी ऑपरेटरला तारीख विचारते.

नव्या बोर्डावर सेल डीएस३२३१ च्या बॅटरी पिनेवर आहे, एसएनव्हीएस रेल मुख्य पुरवठ्याला जोडली आहे, आणि डायोड नाहीसा झाला आहे, कारण पुरवठा बदलण्याचे काम ती चिप स्वतः करते. वेळ जपायची नसेल तर एसएनव्हीएस मुख्य उच्च-व्होल्टेज रेलबरोबरच जोडावी, असे डेटाशीटमध्ये आधीपासूनच लिहिलेले आहे. लिनक्समध्ये मात्र एक काम राहते: कर्नल शून्य क्रमांकाच्या घड्याळावरून वेळ घेते आणि प्रोसेसरचे आतले घड्याळ आधी नोंदले गेले तर ते पुन्हा १९७० घेऊन येते, म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरचे भाग कर्नलला सांगणाऱ्या फायलीत, बाहेरच्या चिपला शून्य क्रमांक बांधून द्यावा लागतो.

जुन्या चौदा बोर्डांचे आय-टू-सी (चिपा एकमेकींशी बोलतात ती दोन तारांची जोडणी) कनेक्टर मोकळे होते. त्यांवर बाजारात मिळणारी डीएस३२३१ ची छोटी निळी मॉड्यूल बसवली. या मॉड्यूलवर पुन्हा भरता येणाऱ्या सेलसाठी डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर अशी चार्जिंगची वाट असते, ३.३ व्होल्टवर तिच्यातून जवळजवळ काही वाहत नाही, पण उद्या कोणी ५ व्होल्ट जोडले आणि खाचेत सीआर२०३२ असला तर ते धोक्याचे आहे, म्हणून तो रेझिस्टर चौदाही ठिकाणी काढून टाकला.

शेवटचे मॉड्यूल बसवण्यापूर्वी तोच एक किलोओहमचा रेझिस्टर सेलच्या वाटेत घालून पाहिला. मीटर एक मिलिव्होल्टच्याही खाली होता, आणि दर चौसष्ट सेकंदांनी, चिप आपले तापमान घेत असताना, क्षणभर उडी मारून पुन्हा खाली बसत होता.